कशावरून, ते सांगा

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, पार्किन्सन्स आहे. हाताची थरथर सगळ्यांना दिसते. आवाज किती खाली गेलाय ते मात्र फोनवर बोलणाऱ्यालाच कळतं. नणंदेला तर दर वेळी वाटतं, आई रागावल्यात.

मध्यंतरी एका आरोग्य शिबिरात एका मुलानं मोबाइल पुढे धरला. ‘आजी, लांब आ म्हणा.’ आईंनी दम पुरेल तेवढा ‘आ’ लावला. स्क्रीनवर आलं : धोका जास्त. मी विचारलं, कशावरून? त्याला सांगता येईना. ॲपमध्ये तशी सोयच नव्हती.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, म्हणून हा प्रश्न मला सोडवत नाही. आवाजावरून पार्किन्सन्स ओळखण्याचे कितीतरी प्रयोग ऑक्सफर्डच्या मॅक्स लिटल यांनी 2008 साली खुल्या केलेल्या एका छोट्या माहितीसंचावर झालेत. त्यात माणसं 31, त्यातले रुग्ण 23, आणि रेकॉर्डिंग 195. म्हणजे एकेकाची सहा-सात. ही रेकॉर्डिंग सरमिसळ करून काही यंत्राला, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमला, शिकवायला आणि काही त्याच्या परीक्षेला ठेवली, की तोच माणूस दोन्हीकडे येतो. मग यंत्र आजाराऐवजी माणूस ओळखायला लागतं आणि मार्क छान पडतात!

इथे कारण दाखवणारी पद्धत कामी येते. गणितज्ञ लॉइड शेपली यांनी 1953 साली, अनेकांनी मिळून केलेल्या कमाईत प्रत्येकाचा न्याय्य वाटा किती, याचं गणित मांडलं. 2017 साली आलेली ‘शॅप’ पद्धत तेच गणित यंत्राच्या निकालाला लावते. आवाजातली कंपनं, खरखर, पट्टी, यातल्या कशानं निकाल किती सरकवला, ते आलेखात दिसतं. सगळ्यात मोठा वाटा पट्टीचा निघाला तर मला लगेच शंका येईल, कारण पट्टी बाई-पुरुषागणिक बदलतेच. अर्थात हा वाटा यंत्राच्या निकालातला. मेंदूत काय चाललंय त्याचं कारण तो नव्हे, आणि हा फरक सांगितल्याशिवाय असा आलेख कुणापुढे ठेवू नये.

पण मला खरी गरज निदानाची नाही, ते झालंय. आमचा दिवस चालतो लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरच्या औषधाच्या गोळीवर. गोळीचा असर ओसरला की आई ‘ऑफ’ जातात : दाराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटतात, शर्टाचं बटण लागत नाही. मनगटावर बांधायच्या, हालचाल मोजणाऱ्या पट्ट्यानं ‘आज ऑफ वेळ वाढली’ एवढंच सांगितलं तर मी नुसती काळजी करीन. ‘दुपारची गोळी जेवणाच्या जवळ गेली, त्या दिवशी असर उशिरा आला’ असं सांगितलं तर मला तपासता येतं. वरण, दही, पनीर यांतल्या प्रथिनांपासून सुटणारी अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा आतड्यातून रक्तात जायला एकाच वाटेवर रेटारेटी करतात. बद्धकोष्ठ असेल, पोट सावकाश रिकामं होत असेल, तरी गोळी अडकते. ही कारणं घेऊन डॉक्टरांशी बोलता येतं. डोस मात्र आपल्या मनानं बदलायचा नाही, पट्टा काहीही म्हणो.

म्हणून अशी साधनं बनवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती : डॉक्टरांना सविस्तर आलेख द्या आणि घरच्यांना मराठीत एक ओळ द्या, जी आम्हाला वहीशी ताडून बघता येईल. गोळी, जेवण, झोप, ऑफ, सगळ्याच्या वेळा मी वहीत लिहिते. पुण्यात कुणी या कामात असेल तर जरूर कळवा. वही दाखवायला आई तयार आहेत. नाव कुठे येऊ नये, एवढीच त्यांची अट आहे.