तुम्ही विचारलंत म्हणून: तयार कोड कर्नलमध्ये नुसता उचलून का टाकत नाही?

लिनक्स कर्नलमधल्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, एन्क्रिप्शनच्या कोडवर मी काम करतो हे कळलं, की प्रोग्रॅमर मित्र हमखास विचारतात, "ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत प्रत्येक प्रोसेसरसाठी घोटून घोटून वेगवान केलेला असेंब्ली कोड, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांत लिहिलेला कोड, आहेच की. तोच कर्नलमध्ये टाकायचा, त्यात एवढं काय?"

टाकतोच. अँडी पॉल्याकोव यांनी ओपनएसएसएलसाठी लिहिलेला बराच कोड कर्नलमध्ये आलेला आहे. पण त्यातलं गणित तेवढं आयतं मिळतं. भांडण सुरू होतं ते रजिस्टरवरून, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या, चालू हिशेबाचे आकडे ठेवायच्या जागांवरून.

हा वेगवान कोड प्रोसेसरच्या रुंद व्हेक्टर रजिस्टरांवर (एका वेळी अनेक आकडे मावणाऱ्या) चालतो, आणि कर्नलमध्ये शिरताना त्या रजिस्टरांत तुमच्या ब्राउझरचा नाहीतर व्हिडिओ प्लेयरचा माल भरलेला असतो. एरवी कर्नल त्यांना हातच लावत नाही. कंपायलरलाच तशी ताकीद असते, म्हणून प्रोग्रॅमने कर्नलला काम सांगितलं, की दरवेळी (याला सिस्टिम कॉल म्हणतात) ती जपून ठेवायचा खर्च वाचतो. ती वापरायची तर आधी दुसऱ्याचा माल मेमरीत हलवायचा. प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स-५१२ ही ५१२ बिट रुंदीची सोय असेल तर ६४ बाइटची ३२ रजिस्टरं, म्हणजे २ केबी. ६४ बाइटच्या चिमुकल्या पॅकेटसाठी एवढी हलवाहलव केली, तर कमावलेला वेळ तिथेच जातो.

बरं, इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर रजिस्टरं ताब्यात असेपर्यंत कर्नल त्या कोअरवर दुसरं काम चढवू शकत नाही. मोठा बफर एका दमात संपवायला बसलात, तर तेवढा वेळ बाकीचे ताटकळतात. म्हणून २०२० मध्ये चाचा२० (एन्क्रिप्शनची एक पद्धत) आणि पॉली१३०५ (मजकुरात फेरफार झाला का ते ओळखायची पद्धत) यांच्या कोडला ४ केबीच्या तुकड्यांची मर्यादा घातली गेली. बेंचमार्कमध्ये, म्हणजे वेगाच्या मोजणीत, असल्या गोष्टी दिसत नाहीत. मला तर नुसता बेंचमार्क जोडून आलेल्या पॅचची जरा धास्तीच वाटते.

शिवाय इंटरप्टच्या (हार्डवेअरने चालू काम थांबवून लक्ष मागण्याच्या) मधोमध ही रजिस्टरं वापरता येतीलच असं नाही. तेव्हा सी भाषेतला साधा कोड जोडीला लागतोच, आणि दोघांचं उत्तर बिट-न्-बिट जुळावं लागतं. कर्नलमधल्या चाचण्या हेच तपासतात. त्यातही एईएस या प्रचलित एन्क्रिप्शन पद्धतीचा सी कोड आधीच मांडून ठेवलेले तक्ते वापरणारा असेल, तर कॅशेच्या (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीच्या) वेळेवरून गुप्त किल्ली बाहेर फुटू शकते. डॅनियल बर्नस्टाइन यांनी हे २००५ मध्येच दाखवलं होतं. प्रोसेसरमध्ये एईएससाठी खास सूचना (इन्स्ट्रक्शन) आल्यावर त्या वापरणाऱ्या कोडमधून तक्ते गेले. माझ्या मते वेगापेक्षा हा फायदा मोठा.

रजिस्टरांची शिस्त चुकली तर काय होतं, याचा नमुना कर्नलबाहेरही आहे. २०२३ मध्ये ओपनएसएसएलच्या पॉली१३०५ कोडमध्ये एक दोष सापडला. ६४-बिट विंडोजवर नव्या प्रोसेसरसाठीचा कोड काही रजिस्टरं पूर्ववत न करताच परतत होता. त्याचं स्वतःचं उत्तर बरोबर यायचं, हिशेब बिघडायचा तो त्याला हाक मारणाऱ्या प्रोग्रॅमचा.

आणि सगळं जमलं तरी सगळ्यात रुंद कोड वापरावाच असं नाही. २०२४ मध्ये लिनक्स ६.१० मध्ये एरिक बिगर्स यांनी डिस्क एन्क्रिप्शनसाठीच्या एईएस-एक्सटीएस या एईएसच्या प्रकारासाठी नवा कोड आणला. त्यात ५१२ बिटची आवृत्तीही आहे. पण आइस लेकसारख्या काही इंटेल प्रोसेसरांवर एवढी रुंद रजिस्टरं वापरली की घड्याळाची गती खाली येते आणि शेजारच्या कामांनाही त्याची झळ बसते. तिथे या आवृत्तीला प्राधान्याचा आकडा दिलाय १, आणि कर्नल निवडतो मोठा आकडा असलेली. चाचणी तिचीही होते. काम मिळतं २५६ बिटवालीला.