कागदात गुंडाळलेलं किट

काल आमच्या मेडिकलमध्ये एक मुलगी दोनदा येऊन तशीच परत गेली. तिसऱ्यांदा दुकान रिकामं बघून हळूच म्हणाली, "ताई, ते चेक करायचं द्या ना." वय बावीस, पाळी आठ दिवस लांबलेली. प्रेग्नन्सी टेस्टचं किट कागदात गुंडाळताना मी सगळं सांगितलं. सकाळची पहिली लघवी घे, ड्रॉपरने दोन-तीन थेंब टाक, पाच मिनिटं थांब. किटवरच्या 'टी' अक्षराजवळ रेघ पुसट उमटली तरी दिवस गेलेत असंच धर आणि डॉक्टरांकडे जा. 'सी'ची रेघच नसेल तर किट वाया गेलं.

"लग्न नाही झालेलं..."

अगं, 2021च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात 'नवरा' नाही, 'जोडीदार' लिहिलंय. तुझं नावही डॉक्टरांना गुप्त ठेवावं लागतं.

निघताना तिने कंडोमचं पाकीट मागितलं. ते मात्र कागदाशिवाय घेतलं.