पती पुण्यात, रिटर्न न्यू जर्सीत

अमेरिकेत राहणाऱ्या आणि भारतात जाऊन लग्न केलेल्या आपल्या मुलामुलींना पहिल्याच वर्षी एक प्रश्न हमखास पडतो. जोडीदाराचे ग्रीन कार्ड अजून व्हायचे आहे, त्याने अमेरिकेत पाऊलही ठेवलेले नाही, मग टॅक्स रिटर्न भरताना स्वतःला विवाहित म्हणायचे की अविवाहित? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे 31 डिसेंबरला, तुमची जी वैवाहिक स्थिती असेल तीच संपूर्ण वर्षासाठी धरली जाते. लग्न डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात लागले असले, ते पुण्यात झाले असले आणि जोडीदार अजून तिथेच असला, तरी त्या वर्षापासून तुमच्यासाठी ‘सिंगल’ हा रकाना बंद झालेला असतो.

आमचे लग्न असेच डिसेंबरात झाले. मी अमेरिकेची नागरिक आहे, न्यू जर्सीत नोकरी करते. माझे पती भारतीय नागरिक असून पुण्यात नोकरीला आहेत आणि त्यांच्या ग्रीन कार्डासाठी मी भरलेल्या आय-130 या अर्जाच्या निकालाची आम्ही वाट पाहत आहोत. रिटर्न भरण्याची वेळ आली तेव्हा ओळखीतल्या एका कर सल्लागारांनी मला ‘यंदा सिंगलच टाका, ते आले की पुढे बघू’ असे सांगितले. सल्ला आपुलकीने दिला होता, पण तो मला पटला नाही आणि इतर कोणी तो मानू नये असे मला मनापासून वाटते. रिटर्नवर आपण सही करतो ती खोटी माहिती दिल्यास शिक्षेस पात्र राहू या कबुलीसह करतो. शिवाय हेच रिटर्न पुढे इमिग्रेशनच्या कागदपत्रांत जाते. जोडीदाराच्या आर्थिक जबाबदारीची हमी देणाऱ्या आय-864 या अर्जासोबत सर्वांत अलीकडच्या वर्षाचे रिटर्न किंवा आयआरएस या अमेरिकी करखात्याने दिलेला त्याचा गोषवारा (ट्रान्स्क्रिप्ट) जोडावाच लागतो. एका कागदावर ‘आम्ही पतिपत्नी आहोत’ आणि दुसऱ्या कागदावर, त्याच काळाबद्दल, ‘मी अविवाहित आहे’ असे सरकारला सांगितले, तर मुंबईच्या वकिलातीतील मुलाखतीत त्याचे उत्तर जोडीदाराला द्यावे लागेल, आणि तिथे खिडकीसमोर तो एकटाच उभा असेल.

या विषयातला बराचसा गोंधळ ‘रेसिडेंट’ या शब्दाने होतो, कारण इमिग्रेशनचा कायदा आणि कराचा कायदा तो वेगवेगळ्या कसोट्यांवर ठरवतात. कराच्या दृष्टीने परदेशी नागरिक दोन प्रकारे निवासी ठरतो: ग्रीन कार्ड मिळाल्यामुळे, किंवा अमेरिकेत पुरेसे दिवस काढल्यामुळे. दुसऱ्या कसोटीत चालू वर्षातले सगळे दिवस, आदल्या वर्षातल्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याच्या आदल्या वर्षातल्या दिवसांचा एक षष्ठांश यांची बेरीज किमान 183 व्हावी लागते, आणि चालू वर्षात किमान 31 दिवस भरावे लागतात. त्यामुळे एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर इथे राहून ग्रीन कार्डाची वाट पाहणारा जोडीदार बहुधा आधीच निवासी करदाता असतो आणि त्याच्यासोबत संयुक्त रिटर्न भरण्यात विशेष काही करावे लागत नाही. विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांचे दिवस मात्र साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे मोजले जात नाहीत. आमच्यासारख्यांचा जोडीदार, जो भारतातच आहे, तो कराच्या भाषेत अनिवासी परदेशी, अर्थात एनआरए. खरी निवड करावी लागते ती या गटाला.

पहिला पर्याय स्वतंत्र रिटर्नचा, ‘मॅरिड फायलिंग सेपरेटली’. यात फक्त माझे उत्पन्न येते; पतीचे भारतातले उत्पन्न अमेरिकेच्या कक्षेबाहेरच राहते. त्यांना अमेरिकेचा कोणताही कर क्रमांक नसेल तर त्या जागी ‘एनआरए’ असे लिहायचे असते. काही सॉफ्टवेअर हे स्वीकारत नाहीत आणि ई-फायलिंग अडते. अशा वेळी रिटर्न छापून टपालाने पाठवावे, पण क्रमांकाच्या जागी काहीबाही आकडे भरू नयेत. या पर्यायात काही सवलती जातात, उदाहरणार्थ शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट. मात्र रॉथ आयआरए या निवृत्तीसाठीच्या बचत खात्याबद्दलची भीती अनेकांच्या बाबतीत अनाठायी असते. स्वतंत्र रिटर्न भरणाऱ्यांना तिथे उत्पन्नाची मर्यादा फार कडक आहे हे खरे, पण पतिपत्नी वर्षभरात एकही दिवस एकत्र राहिलेले नसतील तर या नियमापुरते त्यांना अविवाहितांची मर्यादा लागू होते.

दुसरा पर्याय संयुक्त रिटर्नचा. कर संहितेच्या कलम 6013 च्या ‘जी’ पोटकलमानुसार, एक जोडीदार नागरिक किंवा निवासी असेल तर अनिवासी जोडीदाराला करापुरते निवासी मानावे अशी निवड दोघांना करता येते. त्यासाठी दोघांच्या सह्यांचे निवेदन रिटर्नला जोडायचे. स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट, एकदम दुप्पट होते, 2025 या करवर्षासाठी 15,750 डॉलरांवरून 31,500 वर जाते, आणि कराचे टप्पेही रुंदावतात. एवढे ऐकून बहुतेक जण इथेच थांबतात. पण या सहीने जोडीदाराचे जगभरातले संपूर्ण वर्षाचे उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नवर येते.

त्यात केवळ पगार येत नाही. भारतातल्या नव्या कररचनेत 2025-26 या आर्थिक वर्षापासून पगारदाराला 12.75 लाख रुपयांपर्यंत कर पडत नाही. कर भरलेलाच नसल्यामुळे अमेरिकेत त्याचे फॉरेन टॅक्स क्रेडिटही, म्हणजे परदेशात भरलेल्या कराबद्दल अमेरिकी करातून मिळणारी सूटही, मिळत नाही. तरी 12.75 लाख म्हणजे साधारण 15 हजार डॉलरच होतात आणि वाढीव डिडक्शनमध्ये ते जवळपास सामावून जातात, त्यामुळे नुसता पगार असेल तर संयुक्त रिटर्न बहुधा फायद्याचे ठरते. अडचण बाकीच्या गोष्टींची आहे. पीपीएफचे व्याज भारतात करमुक्त, अमेरिकेत करपात्र. शेतीचे उत्पन्न भारतात करमुक्त, अमेरिकेत करपात्र. सातबाऱ्यावर चार भावंडांबरोबर आपलेही नाव आहे आणि कांद्याचे पैसे आले तर आपल्या वाट्याला किती, हे आमच्या घरात आजवर कोणी कागदावर मांडलेले नव्हते. म्युच्युअल फंडांची गोष्ट तर सर्वांत किचकट. भारतातला जवळजवळ प्रत्येक फंड अमेरिकी कायद्यात ‘पीएफआयसी’, म्हणजे परदेशी गुंतवणूक कंपनी, या प्रकारात मोडतो, त्याच्यासाठी फॉर्म 8621 हा वेगळा जाच असतो, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या तीन-चार एसआयपींचा हिशेब करायला सीपीए, म्हणजे अमेरिकी सनदी लेखापाल, जी फी मागतो ती वाचलेल्या कराहून जास्त होऊ शकते. त्यातच भारताचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आणि अमेरिकेचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, म्हणून फॉर्म 16 जसाच्या तसा उपयोगाला येत नाही. जानेवारी ते मार्चच्या सॅलरी स्लिपा एका फॉर्म 16 मधल्या, एप्रिल ते डिसेंबरच्या दुसऱ्यातल्या, अशी नव्याने जुळणी करावी लागते.

राज्याचा कर हा आणखी एक पदर. न्यू जर्सी दुसऱ्या राज्यांत भरलेल्या कराचे क्रेडिट देते, परदेशात भरलेल्या कराचे देत नाही. सुदैवाने, एक जोडीदार वर्षभर राज्यात आणि दुसरा वर्षभर बाहेर असेल तर केंद्राचे रिटर्न संयुक्त असूनही राज्याचे रिटर्न निवासी जोडीदाराला स्वतंत्र भरता येते. प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत, तेव्हा आपापल्या राज्याचे पाहूनच पुढे जावे.

संयुक्त रिटर्नसाठी जोडीदाराला क्रमांक हवा, आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळणे अजून दूर असल्यामुळे आयटीआयएन हा केवळ करापुरता क्रमांक काढावा लागतो. त्यासाठीचा डब्ल्यू-7 हा अर्ज कागदी रिटर्नसोबत टेक्सासातील ऑस्टिनला पाठवायचा असतो. क्रमांक येईपर्यंत रिटर्नही तिथेच आणि रिफंडही तिथेच. एरवी सात आठवडे आणि हंगामात किंवा परदेशातून अर्ज असल्यास नऊ ते अकरा आठवडे धरून चालावे असे आयआरएस सांगते. ओळखीचा पुरावा म्हणून पासपोर्ट एकटा पुरतो, पण तो मूळ हवा किंवा पासपोर्ट देणाऱ्या कार्यालयानेच साक्षांकित केलेली प्रत हवी. नोटरीचा लाल शिक्का मारलेली झेरॉक्स चालत नाही, आणि आपल्याकडे सगळे त्याच शिक्क्यावर विसंबतात. व्हिसाची मुलाखत कधीही लागू शकते अशा काळात मूळ पासपोर्ट समुद्रापार टपालाने पाठवणे मला मुळीच योग्य वाटत नाही. आयआरएसने अधिकृत केलेले सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंट भारतातही आहेत. ते मूळ पासपोर्ट पाहून तो जोडीदाराला लगेच परत देतात आणि प्रत प्रमाणित करतात. फी जाते, पण पासपोर्ट घरच्या कपाटात राहतो.

आम्ही स्वतंत्र रिटर्न निवडले, आणि त्यामागचे कारण डॉलरांइतकेच कायद्याच्या रचनेतही आहे. स्वतंत्र भरलेले रिटर्न मूळ मुदतीपासून तीन वर्षांच्या आत 1040-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून संयुक्त करता येते. संयुक्त भरलेले रिटर्न मुदत उलटल्यावर स्वतंत्र करता येत नाही. 6013 ची निवडही एका वर्षापुरती नसते. ती पुढच्या वर्षांनाही लागू राहते, म्हणजे नंतर स्वतंत्र रिटर्न भरले तरी जोडीदार निवासीच धरला जातो. आणि ती एकदा मागे घेतली की त्या दोघांनाही ती पुन्हा कधीच करता येत नाही. शिवाय संयुक्त रिटर्नवरच्या कराची जबाबदारी दोघांवर एकेकट्यानेही पूर्ण असते. अमेरिकेत ज्याने एक दिवसही नोकरी केलेली नाही अशा माणसाला ही सही करायला सांगण्यापूर्वी हे सारे त्याला नीट समजावून सांगणे हे मी माझे कर्तव्य मानते. आम्ही दोन रविवार फोनवर बसून एकेका खात्याची यादी केली. त्यातून घरातल्या पैशांबद्दल एकमेकांना बऱ्याच गोष्टी कळल्या, ज्या कदाचित एरवी वर्षभर निघाल्या नसत्या.

पदरी मूल असणाऱ्यांसाठी तिसरी वाटही आहे. जोडीदार वर्षात केव्हाही अनिवासी असेल, त्याला निवासी मानण्याची निवड केलेली नसेल आणि पात्र मूल तुमच्याकडे राहत असेल, तर इतर अटी पाळून ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ (कुटुंबप्रमुख) म्हणून रिटर्न भरता येते. 2025 साठी त्याचे डिडक्शन 23,625 डॉलर आहे. जोडीदार स्वतः मात्र कधीच डिपेंडंट ठरत नाही. भारतात राहणारे भारतीय नागरिक असलेले आईवडीलही ठरत नाहीत, त्यांना दरमहा कितीही पैसे पाठवत असलात तरी.

पतीच्या खात्यावर माझे नाव जोडायचे का, हा प्रश्न सासूबाईंनी सहज विचारला होता. जोडले तर त्या खात्याची पूर्ण शिल्लक माझ्या एफबीएआर या परदेशी खात्यांची माहिती देणाऱ्या फॉर्ममध्ये मोजली जाते, आणि माझ्या सगळ्या परदेशी खात्यांची एकत्रित रक्कम वर्षात कधीही 10,000 डॉलरांवर गेली की तो फॉर्म भरणे बंधनकारक होते. नाव न जोडता फ्लॅटसाठी पैसे पाठवायचे असतील तर हेही लक्षात असू द्यावे की नागरिक नसलेल्या जोडीदाराला दिलेली भेट अमर्याद करमुक्त नसते; 2025 मध्ये ही मर्यादा 1,90,000 डॉलर होती, आणि त्यापुढे फॉर्म 709, म्हणजे भेटकराचे रिटर्न, येतो.

आता आमचे लक्ष ते येतील त्या वर्षाकडे आहे. इमिग्रंट व्हिसावर ते ज्या दिवशी उतरतील त्या दिवसापासून ते निवासी होतील, म्हणजे ते वर्ष अर्धे अनिवासी आणि अर्धे निवासी असे दुहेरी ठरेल. अशा वर्षात त्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही आणि संयुक्त रिटर्नही भरता येत नाही. भरायचे असल्यास पुन्हा 6013 च्याच आधाराने संपूर्ण वर्ष निवासी व्हावे लागते, आणि मग येण्याआधीचे भारतातले उत्पन्नही आत येते. पुण्याची नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे याच वर्षात येणार असल्यामुळे, ते खात्यात कोणत्या तारखेला जमा होतात आणि विमानाचे तिकीट कोणत्या तारखेचे आहे, या दोन नोंदी हाती ठेवूनच आम्ही त्या वर्षीचा हिशेब दोन्ही पद्धतींनी मांडणार आहोत.