सोलरच्या लाइनवरचा फॉल्ट

आज दिवसभर इंदूरबाहेरच्या एका सबस्टेशनात रिले टेस्टिंग चाललं होतं. रिले म्हणजे लाइनवरचा फॉल्ट, म्हणजे शॉर्टसर्किटसारखा बिघाड, ओळखून ती बंद करायला लावणारं उपकरण. लाल-पिवळ्या-निळ्या लीड्स जोडता जोडता नव्या मुलीनं विचारलं, “सर, सोलर आलं की फॉल्ट शोधणं अवघड का होतं?” फार नेमका प्रश्न!

फिरत्या जनरेटरजवळ शॉर्टसर्किट झालं की करंट कित्येक पट उसळतो. सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलच्या डीसीचा एसी करणारं यंत्र, मात्र स्वतःचे सेमीकंडक्टर जपतो, नेहमीच्या पूर्ण करंटच्या साधारण 1.1 ते 1.5 पटीवरच हात आखडता घेतो. डिस्टन्स रिले व्होल्टेजला करंटनं भागून फॉल्टचं अंतर काढतो. आता तारेला झाडाची फांदी टेकली, पलीकडून ग्रिडचा भरपूर करंट आला आणि आपल्या टोकाचा एवढासा, की ते अंतर फसतं, खऱ्यापेक्षा लांब भासू शकतं. फॉल्ट हद्दीतला असून रिले गप्प राहू शकतो. वहीत फेजर, म्हणजे व्होल्टेज-करंटचे बाण, काढून दाखवले, तेव्हा तिचे डोळे चमकले.

माझं ठाम मत, अशा लाइनला डिफरन्शियल प्रोटेक्शनच हवं. दोन्ही टोकांचे करंट ऑप्टिकल फायबरवरून ताडून बघायचे, बस्स. आगर, शाजापूर, नीमच, आपल्या आसपास सोलर झपाट्यानं वाढतंय. पावसात टॉवर टॉवर धुंडाळणाऱ्या लाइनमनला फॉल्ट याच लाइनवर आहे, एवढं तरी खात्रीनं सांगता यायलाच हवं. उद्या दुसऱ्या टोकाचं टेस्टिंग. किट तिच्याच हाती देणार आहे.