‘पूर्ण’ अशी खूण केलेला तुकडा

शोध संपून सात आठवडे झाले होते. आजी अकराव्या दिवशी सापडल्या होत्या. घरापासून सरळ रेषेत 640 मीटरवर, पायवाटेपासून जेमतेम 9 मीटर आत, काटेरी झुडपाच्या बुंध्याशी. वय 74, तीन वर्षांपासून स्मृतिभ्रंश. शवविच्छेदनाचा अहवाल आला, प्रकरण कागदोपत्री मिटलं आणि मग त्यांची मुलगी माझ्याकडे आली. हरवलेल्या माणसांच्या शोधाचं नियोजन मी करते आणि या शोधाचे नकाशे माझ्याकडे होते. तिच्या हातात वही होती, वहीत 19 प्रश्न. पहिलाच प्रश्न : ‘त्या वाटेनं तीनदा शोध झाला. मग आई तिथेच कशी?’

तिने बसायच्या आधीच सांगितलं, "ताई, मला धीर देऊ नका. जे झालं ते दाखवा." मी टेबलावर सगळं मांडलं : पथकांच्या नोंदी, जीपीएसचे माग, ड्रोनची छायाचित्रं, श्वानपथकाची टिपणं, अहवालाची प्रत. घरच्यांना उत्तरं देणं हाही शोधाचाच भाग आहे असं मी मानते.

पहिल्या दिवशी वेळ कुठे गेला, हे आधी सांगावं लागलं. आजी पहाटे निघाल्या आणि घरच्यांनी पोलिसांना कळवलं दुपारी चारला. 24 तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. असा नियम नाही. स्मृतिभ्रंश असलेलं माणूस नजरेआड झालं की जास्तीत जास्त पंधरा मिनिटं घर, आवार, गच्ची, कपाटं, पलंगाखाली बघायचं आणि लगेच कळवायचं. सुरुवातीच्या तासांत शोधायचं वर्तुळ लहान असतं. अंतर दुप्पट झालं की क्षेत्रफळ चौपट होतं.

त्यानंतरचे दोन दिवस बसथांब्याच्या बाजूला गेले. अडीच किलोमीटरवरच्या थांब्यावर साडेसहाला ‘निळ्या कपड्यांतल्या आजी’ पाहिल्याचं एका माणसाने सांगितलं होतं. तो खोटं बोलत नव्हता. पण पत्रकावर जो फोटो छापला होता त्यात आजी निळ्या कपड्यांत होत्या आणि त्याने पत्रक आधी पाहिलं होतं. त्या दिवशी आजींच्या अंगावर तपकिरी कपडे आणि मातकट शाल होती. साक्षीदाराला रंग विचारायचा तो पत्रक दाखवायच्या आधी. आणि पत्रकावर फोटोखाली ठळक लिहायचं, ‘आज अंगावर अमुक कपडे आहेत’.

वेळही जुळत नव्हती, पण ते सहाव्या दिवशी लक्षात आलं. शेजारच्या कॅमेऱ्यात आजी 5:52 ला फाटकातून बाहेर पडताना दिसतात. त्यावरून सगळ्यांनी हिशेब केला की साडेसहापर्यंत थांबा गाठता येतो. मात्र कॅमेऱ्याचं घड्याळ 27 मिनिटं मागे होतं. खरी वेळ 6:19. अकरा मिनिटांत अडीच किलोमीटर त्यांच्याने होणारच नव्हते. कॅमेऱ्याचं चित्रण हाती आलं की पहिलं काम हे : मोबाइलवरची वेळ आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावरची वेळ एकाच फोटोत टिपून फरक लिहून ठेवायचा. एका मिनिटाचं काम. ते राहिलं आणि 40 माणसं दोन दिवस चुकीच्या दिशेला राबली.

मुलगी हे सगळं वहीत उतरवून घेत होती. मग तिने बोट नकाशावर ठेवलं. "आता हे."

शोधमोहिमांचे अभ्यासक रॉबर्ट कोस्टर यांनी निरनिराळ्या देशांतल्या हजारो शोधांच्या नोंदी एकत्र केल्या आहेत. त्यांतून स्मृतिभ्रंश असलेल्या माणसांबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : अडकेपर्यंत ती चालत राहतात. वाट वळली तरी ती बऱ्याचदा वळत नाहीत. झुडपात, नाल्यात, कुंपणाशी अडकतात आणि तिथेच राहतात. बरीचशी माणसं घरापासून एखाद्या किलोमीटरच्या आतच सापडतात. आजींच्या घरामागची पायवाट 600 मीटरवर डावीकडे वळते. वळणावर सरळ समोर ते झुडूप आहे. शोधाचा नकाशा आम्ही तुकड्यांत वाटतो. आजी त्या तुकड्यात असण्याला म्हणूनच आम्ही सुरुवातीलाच 40 टक्के शक्यता दिली होती. जागा बरोबर निवडली होती.

पहिल्या दिवशी संध्याकाळी 12 जणांची साखळी तिथून गेली. दोघांमधलं अंतर 10 मीटर. नोंदवहीत शेरा : ‘पूर्ण’. मी त्या बाराही जणांचे जीपीएस माग एकावर एक ठेवून तिला दाखवले. पट्टा सुरुवातीला छान रुंद आहे. वळणाजवळ येताच रेघा आत ओढल्या जातात आणि पलीकडे पुन्हा पसरतात. डमरूसारखा आकार. मधली कंबर म्हणजे काटे. काटे लागले की माणूस दोन पावलं वाटेकडे सरकतो, शेजारचा त्याच्याकडे बघून सरकतो आणि साखळीचा सरळ पट्टा पायवाटेवरची रांग होऊन बसतो. कोणी मुद्दाम करत नाही. साखळीच्या मागे फक्त अंतर राखायला एक माणूस लागतो, तो त्या दिवशी नव्हता. डमरूच्या कंबरेच्या एका बाजूला साधारण 30 बाय 20 मीटरचा कोरा तुकडा उरला होता. आजी त्यात होत्या.

दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेचे माग मी वर ठेवले. तोच आकार. कारण तीच माणसं, तीच सुरुवात, तीच दिशा. तीनदा शोधलं म्हणजे सापडण्याची शक्यता तिप्पट वाढते असं नाही. दुसरी खेप आडव्या दिशेने, दुसऱ्या माणसांकडून, उजेड वेगळ्या बाजूने असताना करायची असते.

शोधाचं हे गणित दुसऱ्या महायुद्धातलं. अमेरिकी नौदलासाठी गणितज्ञ बर्नार्ड कूपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पाणबुड्या शोधण्याकरता मांडलं आणि आज ते जमिनीवरही वापरतात. मी तिला कागदावर करून दाखवलं. एखाद्या तुकड्यात माणूस असण्याची शक्यता 40 टक्के. शोध असा झाला की माणूस तिथे असेल तर निम्म्या वेळा दिसेल. कोणी दिसलं नाही, तर त्या तुकड्याची शक्यता शून्यावर येत नाही, 25 टक्के उरते. आमच्या नकाशावर मात्र तिथे हिरवी खूण होती आणि हिरवी खूण म्हणजे सगळ्यांच्या मनात शून्य. ‘पूर्ण’ हा शब्दच नोंदवहीत नको. किती जण, किती अंतरावर, किती वाजता, किती टक्के दिसत होतं आणि काय सोडलं, हे लिहायचं.

तिसऱ्या दिवशी आलेल्या श्वानपथकाबद्दल तिचे चार प्रश्न होते. वासासाठी धुवायच्या कपड्यांच्या टोपलीतली उशीची खोळ दिली गेली होती. टोपलीत घरातल्या पाच जणांचे कपडे एकत्र, खोळ उचलली तीही उघड्या हाताने. वस्तू फक्त त्या माणसाचीच हवी, न धुतलेली हवी. स्वच्छ हातमोजे घालून नव्या कागदी पिशवीत ठेवायची आणि घरातल्या दुसऱ्या कोणी तिला हात लावायचा नाही. तरीही कुत्रा वळणापर्यंत गेला होता आणि झुडपाच्या कडेला घोटाळला होता, हे टिपणात आहे. ‘तुकडा आधीच पूर्ण’ म्हणून त्याला पुढे नेलं. ती ओळ वाचून ती बराच वेळ काही बोलली नाही.

ड्रोनचं लवकर आटपलं. उष्णतेचा कॅमेरा दाट फांद्यांच्या आरपार बघू शकत नाही आणि दुसऱ्या रात्री तो उडाला तेव्हा टिपण्यासारखी ऊब उरलेली नव्हती.

मग अकरावा प्रश्न. तो तिने वाचला नाही, वही माझ्याकडे फिरवली. आजींची शाल आणि वरचे कपडे काढलेले होते, चार मीटरवर पडलेले. हात-पाय खरचटलेले. घरातल्या सगळ्यांना सात आठवडे एकाच भीतीने झोप नव्हती. कोणी विचारायला धजत नव्हतं.

हे मी सावकाश सांगितलं. शरीराचं तापमान 35 अंशांखाली गेलं की गारठ्याचा आजार सुरू होतो. म्हाताऱ्या, अशक्त, ओल्या माणसाला त्यासाठी बर्फ लागत नाही. पहिल्या रात्री तापमान 6 अंश होतं आणि आठपासून रिमझिम पाऊस. थंडीत शरीर कातडीकडचा रक्तपुरवठा आखडून घेतं. शेवटी शेवटी ही पकड सुटते, ऊब असलेलं रक्त एकदम कातडीकडे येतं आणि माणसाला भाजल्यासारखं गरम होतं, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. मग तो अंगावरचे कपडे स्वतःच काढतो. त्यानंतर काही जण अरुंद, बंदिस्त जागेत शिरतात : पलंगाखाली, कपाटामागे, झुडपाच्या बुंध्याशी. गुडघे आणि कोपरं खरचटतात ती या रांगण्यामुळे. न्यायवैद्यकात हे दोन्ही प्रकार चांगले माहीत आहेत.

अहवालात आजींचे ओरखडे नेमके गुडघ्यांवर आणि कोपरांवर होते. झटापटीत उमटतात तशा खुणा मनगटांवर, दंडांवर, मानेवर कुठेच नव्हत्या. कपड्यांची बटणं काढलेली होती, तुटलेली नव्हती. जठराच्या आतल्या अस्तरावर काळपट तपकिरी ठिपके होते. विश्नेव्हस्की या डॉक्टरांनी ते 1895 मध्ये नोंदवले आणि गारठून झालेल्या मृत्यूचं ते एक महत्त्वाचं लक्षण मानलं जातं. एकटं लक्षण पुरावा होत नाही, पण इथे सगळी एका दिशेला बोट दाखवत होती. ज्या डॉक्टरांनी अहवाल लिहिला त्यांची वेळ मी तिला घेऊन दिली, म्हणजे हे त्यांच्या तोंडून ऐकता येईल.

"म्हणजे कोणी काही केलं नाही?"

"नाही गं. कोणी नाही."

तिने त्या प्रश्नापुढे खूण केली नाही, तारीख लिहिली.

पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. ती स्वतः पहिल्या दिवशी सकाळी अकराला त्या वाटेने हाका मारत गेली होती. आईने ओ का दिली नाही? खरं सांगायचं तर त्या वेळी आजी जिवंत असण्याचीच शक्यता जास्त होती. मी ते लपवलं नाही. पण स्मृतिभ्रंश असलेली माणसं हाकेला बहुधा उत्तर देत नाहीत, स्वतः मदतीसाठी ओरडतही नाहीत. हरवलोय हेच त्यांना वाटत नसतं. मग मी विचारलं, "आजींना ऐकू येत होतं?" ती थबकली. श्रवणयंत्र खणातल्या डबीत होतं. ते घरीच राहिल्याचं तिने नंतर पाहिलं होतं, पण आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या माहितीपत्रकात तो रकाना आहे, चष्मा आणि कवळीच्या शेजारी. तो कोराच राहिला होता. ऐकू येत नाही हे कळलं असतं तर हाका मारण्यावरचा भरवसा सोडून आम्ही प्रत्येक झुडूप हाताने बाजूला केलं असतं.

ब्रिटनमध्ये पोलिसांचा ‘हर्बर्ट प्रोटोकॉल’ आहे. नॉर्मंडीच्या लढाईत उतरलेले जॉर्ज हर्बर्ट म्हातारपणी स्मृतिभ्रंशात बालपणीचं घर शोधायला निघाले आणि दगावले, त्यांच्या नावाने. माणूस घरात असतानाच घरच्यांनी पत्रक भरून ठेवायचं : ताजा फोटो, जुने पत्ते, कामाच्या जुन्या जागा, औषधं, कशाला घाबरतात, कशाने शांत होतात. हरवल्यावर धास्तावलेल्या घराला हे नीट आठवत नाही. तिच्या मावशींनाही आता विसरायला होतंय, म्हणून तिने पत्रकाची कोरी प्रत मागून घेतली.

दुपारी ती म्हणाली, "जागा दाखवाल?"

आम्ही गेलो. नजर कुठवर पोचते हे मोजायची साधी रीत आहे : हरवलेल्या माणसाच्या कपड्यांच्या रंगाची वस्तू जमिनीवर ठेवायची, दिसेनाशी होईपर्यंत मागे जायचं, मग दुसऱ्या बाजूने पुन्हा दिसेपर्यंत पुढे यायचं. असं चार-सहा दिशांनी करून सरासरी काढायची. साखळीतलं अंतर त्यावरून ठरवायचं. शोधाच्या दिवशी हे मोकळ्या माळावर केलं होतं, झुडपात नाही. तिने स्वतःची मातकट ओढणी काढली, गुडघ्यावर बसून बुंध्याशी सरकवली आणि उलट्या पावलांनी मागे येऊ लागली. एक. दोन. तीन. चौथ्या पावलाला थांबली. मान एकीकडे केली, दुसरीकडे केली. पुन्हा एक पाऊल पुढे गेली, पुन्हा मागे आली.

"दिसत नाही," ती म्हणाली. "माहीत असून दिसत नाही."

आम्ही सहा बाजूंनी मोजलं. सरासरी 2.8 मीटर आली. साखळीत दोघांमध्ये 10 मीटर होते. म्हणजे काट्यात कोणी शिरलं असतं तरी दोघांच्या मधली चार मीटरहून जास्त रुंद पट्टी कोणालाच दिसली नसती. तिने तो आकडा वहीत लिहिला. ओढणीला लागलेले काटे एकेक करून काढले.

परत आल्यावर नोंदवहीतलं ते पान मी तिच्यासमोर उघडलं. मूळ शेरा खोडायचा नसतो, वाचता येईल असा ठेवायचा असतो. त्याच्याखाली तारीख टाकून लिहिलं : ‘वळणावरचं झुडूप, 30 बाय 20 मीटर, तिन्ही खेपांत सुटलेलं. दृश्य अंतर 2.8 मीटर.’ सही करून मी पेन खाली ठेवला. तिने विचारलं, मोजणाऱ्यांमध्ये तिचं नाव चालेल का. मी पान तिच्याकडे सरकवलं.