तुम्ही विचारलंत म्हणून: रिक्षाचा गिअरबॉक्स बसेल का?

जुनी, पाण्यातही चालणारी सहाचाकी गाडी भंगारात मिळाली, गिअरबॉक्स तेवढा नाही, "भाऊ, रिक्षाचा बसेल का?" सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलावाचं पाणी घरांत शिरल्यापासून नागपुरात हे फारच विचारतात.

नाही बसत. रिक्षाचा बॉक्स एंजिनाच्याच केसिंगमध्ये असतो, सुटा निघत नाही. शिवाय "तेवढा नाही" म्हणता तो नुसता गिअरबॉक्स नव्हे. या गाडीची चाकं वळत नाहीत. एका बाजूची तिन्ही रोखली की गाडी तिकडे वळते. म्हणजे बॉक्सबरोबर स्टिअरिंग आणि ब्रेकही गेले.

जुन्या अमेरिकन सहाचाक्यांपैकी बऱ्याच जणींत बोर्ग वॉर्नरचा टी-२० हा, गाडी वळवण्याचं कामही करणारा गिअरबॉक्स असायचा. पूर्वी मी 'तोच शोधा' म्हणून विषय संपवायचो. आता तेवढं ताणत नाही. भाडं आणि कस्टम ड्युटी भरून येतो तोही जुनाच.

मारुती ८००चा बॉक्स जमतो, कारण डिफरन्शिअल (दोन्ही बाजूंची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) त्यातच आहे. एका बाजूचा शाफ्ट धरला की दुसरी बाजू दुप्पट वेगाने फिरते. मोटरसायकलची डिस्क आणि कॅलिपर दोन्ही बाजूंच्या शाफ्टवर लावा, पण चाकांकडे जाणाऱ्या चेनच्या आधी. चेनचं रिडक्शन (फेरे कमी, जोर जास्त) ब्रेकलाही कामी येतं. बॉक्स चेसिसलाच बोल्ट करायचा. टबाला, म्हणजे गाडीच्या नावेसारख्या बॉडीला, भोक पाडलं की गाडीत पाणी.

इनपुट शाफ्टसाठी जुन्या क्लच प्लेटचा मधला दातेरी हब कापा, हिंगण्याच्या एखाद्या लेथवर त्याला शाफ्ट जोडून घ्या. बाहेरच्या टोकाला बेअरिंगचा आधार द्यायचाच. एंजिनाकडून बॉक्सला फिरवणारा पट्टा आडवा ओढतो, आधार नसला तर बॉक्सचं बेअरिंग आणि सील जातं.

खरा घोळ दिशेत होतो. जोडणी होते, पहिला गिअर टाकतात आणि गाडी मागे. चार रिव्हर्स, एक फॉरवर्ड! मग बॉक्स काढून उलट्या तोंडाने बसवतात, तरी तेच. होणारच. या बॉक्समध्ये पुढच्या गिअरला इनपुट ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने चाकाचे शाफ्ट फिरतात, तोंड कुठेही असो. पट्टाही दिशा बदलत नाही. बघायचं ते एंजिन. साधारण इंडस्ट्रियल एंजिन शाफ्टच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. म्हणून शाफ्ट ड्रायव्हरच्या डाव्या हाताला आला तरच गाडी पुढे जाते. वेल्डिंगआधी तपासा: गाडी जॅकवर, पहिला गिअर, टायरच्या माथ्यावर खडूची खूण. बॉक्सची पुली हाताने एंजिनाच्या दिशेने फिरवा (एंजिनाची नको, थांबलेल्या सीव्हीटीत, म्हणजे रेशो आपोआप बदलणाऱ्या पुल्यांच्या जोडीत, पट्टा पकडत नाही). खूण पुढे सरकली पाहिजे.

रेशोचा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला एंजिनाचे किती फेरे याचा, हिशेब सोपा. २२ इंची टायर एका फेऱ्यात सुमारे १.७५ मीटर जातो. ताशी ३० किमीला चाकाचे मिनिटाला २८५ फेरे. एंजिन मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर, सीव्हीटी १:१ वर असेल तर बॉक्स आणि चेन मिळून साधारण १२.६ हवा. चेन ५० नंबर, पिच १५.८७५ मिमी, लांबी जमत नसेल तर हाफ लिंक, म्हणजे जोडीऐवजी एकच वाढवायची कडी.

डिफरन्शिअलचं दुखणं मात्र राहतंच. फुटाळा तलावाच्या काठासारख्या गाळात एक बाजू नुसती गरगरते. तिकडचा ब्रेक हलका दाबला की बहुधा निघते. आतल्या लहान गिअरची पिन तेवढी जास्त झिजते, म्हणून ऑइल लवकर बदला. टी-२०वाले यावर हसतात. हसू देत. त्यांचे सुटे भाग तरी कुठे मिळतात इथे?