कागदावरचा १४ आणि रोजचा १६

‘औषधाचा उपयोग नाही, ऑपरेशनचा विचार व्हावा.’ काचबिंदूचे पेशंट असलेल्या एका काकांबद्दलच्या चिठ्ठीत एवढंच होतं. काकांच्या डोळ्यांचा दाब प्रत्येक भेटीत १४-१५, म्हणजे दाब उतरवणारे लॅटानोप्रॉस्टचे थेंब चोख काम करतायत. तरीही नजरेचा आवाका तपासणाऱ्या फील्ड टेस्टमध्ये वरच्या बाजूचा काळा भाग पसरत चाललेला. एखादी फील्ड थकव्यानेही बिघडते. पण डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणाऱ्या ओसीटी स्कॅनमध्येही नेमका खालचा नसतंतूंचा थर विरळ झाला होता. खालचे तंतू गेले की वरचं दिसणं जातं. दोन्ही पुरावे जुळत होते.

औषध चालू असूनही काचबिंदू वाढतो, हे खरंच. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत दोन वर्षांत प्लासिबोवरच्या, म्हणजे औषध नसलेल्या थेंबांवरच्या, २५.६ टक्के रुग्णांची फील्ड बिघडली, तर लॅटानोप्रॉस्टवरच्या १५.२ टक्के. काका त्या १५ टक्क्यांतले असू शकले असते.

“थेंब रोज घालता?”

“एक दिवस चुकत नाही, डॉक्टर.”

हा प्रश्न सगळेच विचारतात. घालून दाखवा, असं फार थोडे सांगतात, आणि याचा मला मनापासून राग येतो. साध्या अश्रूंच्या थेंबांची बाटली त्यांच्या हातात दिली. हात थरथरत होता. पहिला थेंब पापणीवर, दुसरा गालावर, तिसरा कसाबसा डोळ्यात. अडीच मिलीची बाटली दोन डोळ्यांना महिनाभर सहज पुरते. त्यांची पंधरवड्यात संपायची. मग पुढची तारीख जवळ येईपर्यंत काहीच नाही. तपासणीच्या आधी लेक राहायला यायची, नवी बाटली आणायची आणि स्वतः थेंब घालायची. दाब उतरायला तेवढे दिवस पुरायचे. आमच्या नोंदवहीतला प्रत्येक आकडा लेकीच्या हातचा होता. औषध फसलं की नाही, हे ठरवण्याइतकं ते त्यांच्या डोळ्यांत कधी गेलंच नव्हतं.

आम्ही डोळ्यातल्या द्रवाचा निचरा सुधारून दाब उतरवणारं एसएलटी लेझर केलं. त्याचा परिणाम हाताच्या थरथरीवर अवलंबून नसतो. आता दाब १६ आहे, लेक आलेली असो वा नसो.

परवा एका सहकाऱ्याने केस पेपर चाळत विचारलं, “१४ वरून १६ वर आणलंस, यात सुधारणा कुठली?” कागदावर त्याचं बरोबर आहे. या टप्प्यावरच्या काचबिंदूला १६ पुरेसा आहे का, हे मलाही अजून सांगता येत नाही. पुरला नाही तर ऑपरेशन करावंच लागेल. पुढची फील्ड सहा महिन्यांनी आहे.